नाक गेल्यानंतरची कॉफी

माझं नाक गेलं ते डिसेंबरात, म्हणून पहिले काही दिवस मला ते कळलंच नाही. दिल्लीत डिसेंबरात सगळ्यांचीच नाकं चोंदलेली असतात. बाहेर धुरकं इतकं, की आमच्या द्वारकेच्या सोसायटीत समोरच्या टॉवरचे वरचे मजले दिसत नाहीत, आणि जो तो घसा खाकरतच लिफ्टमध्ये शिरतो. मला तीन दिवस ताप येऊन गेला होता. मग सर्दी झाली आणि तीही गेली. त्यानंतर एका सकाळी भाजून आलेल्या कॉफीच्या बियांची पिशवी उघडली आणि सवयीनं तोंड आत घातलं. काहीच नाही. खडीच्या पोत्यात तोंड घातल्यासारखं. मी नाक शिंकरलं, पुन्हा वास घेतला. मग स्वयंपाकघरात जाऊन हिंगाची डबी उघडली. तिथंही काही नाही.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर आठवडाभर कुरकुर करून विषय संपला असता. माझं तसं नव्हतं. मी कॉफी करत होते.

गुरुग्रामच्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत मी अकरा वर्षं क्वालिटीत होते. चव आणि वास तपासणाऱ्या चारपाच जणांत माझं नाव असायचं. पुढे तो विभागच दुसऱ्या शहरात हलवला. नवऱ्याची नोकरी इथल्या मंत्रालयात, सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडे, त्यामुळे मला जाणं शक्य नव्हतं. घरी बसले. तेव्हा कॉलेजातली एक मैत्रीण आली. दिल्लीचीच पंजाबी मुलगी, तोंडानं तेज, अनोळखी माणसालाही दोन मिनिटांत आपलंसं करणारी. ती म्हणाली, आपल्याकडे लोक इन्स्टंट कॉफीच पितात. लग्नात, ऑफिसात, हिवाळ्यात घरी साखरेबरोबर चमच्यानं फेटून. मग ती चांगली का असू नये? तू बनव, मी विकते.

मला ते पटलं. चांगली इन्स्टंट कॉफी म्हणजे लोकांना विनोद वाटतो, पण ती करता येते. चांगल्या बिया घ्यायच्या, बेतानं भाजून घ्यायच्या, त्यांचा दाट अर्क काढायचा. तो अर्क पसरट ट्रेमध्ये बोटभर जाडीनं ओतून गोठवायचा, आणि मग मोठ्या निर्वात यंत्रात ठेवायचा. तिथं बर्फाचं पाणी होत नाही, थेट वाफ होऊन निघून जाते. दीड दिवसानं ट्रेमध्ये तपकिरी, कुरकुरीत वडी उरते, हातात घेतली तर वजनच लागत नाही. ती फोडून बरण्यांत भरायची. आच लागलेली नसते, म्हणून मूळ कॉफीचा वास बराचसा टिकतो. सगळा खेळ त्या वासाचाच.

यंत्र आमचं नव्हतं. मानेसरच्या पुढे एक छोटा कारखाना होता, तो स्ट्रॉबेरी, मटार, कढीपत्ता, असं जो जे आणेल ते सुकवून द्यायचा. आम्ही महिन्यातून दोनदा त्याचं यंत्र भाड्यानं घ्यायचो. मी सकाळी जाऊन अर्क ओतायची, दुसऱ्या दिवशी दुपारी माल काढायची, आणि पहिली चिमूट गरम पाण्यात टाकून वास घ्यायची. मी हो म्हटलं की बरण्या भरायच्या. मैत्रीण गुरुग्रामच्या सोसायट्यांतल्या रविवारच्या बाजारात टेबल मांडायची आणि गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "ये हमारी कंपनी की नाक है." लोक हसायचे आणि कप हातात घ्यायचे. कुणी विचारायचं, फेटली तर फेस येतो का. येतो म्हटलं की बरणी घ्यायचे. दोन वर्षं हे बरं चाललं होतं.

डिसेंबरात मी तिला सांगितलं नाही. आधी वाटलं, आठवड्यानं परत येईल. मग कानानाकाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं की तापानंतर असं होतं, काहींना महिन्यात वास परत येतो, काहींना वर्ष लागतं, काहींना पूर्ण येतच नाही. घरी करायचा सराव दिला. लवंग, लिंबाची साल, निलगिरीचं तेल, गुलाबपाणी. सकाळ-संध्याकाळ एकेक नाकाशी धरायचं आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. मी बाथरूमचं दार लावून ते करायची. नवऱ्याला सर्दी रेंगाळलीये असं सांगितलं. लवंग नाकाशी धरून डोळे मिटले की लवंग हा शब्द आठवायचा, तिचा आकार आठवायचा, वास नाही.

जानेवारीची पहिली बॅच काढायची वेळ आली तेव्हा मी स्वतःची समजूत घातली. बिया त्याच, भाजणारा तोच, तापमान आणि वेळ वहीत लिहिलेली. सगळं मोजून केलं तर वेगळं काय होणार आहे? आणि झालंही नाही. बॅच उत्तम निघाली, असं गिऱ्हाइकं म्हणाली. त्यानं माझी भीड चेपली. जिभेला कडू आणि आंबट कळत होतं, तेवढ्यावर मी मान डोलवायची. मैत्रिणीला फोन करून सांगायची, "बिल्कुल ठीक है." ती माझ्यावर विसंबून पुढच्या कामाला लागायची.

तरी धाकधूक होती, म्हणून मी सासऱ्यांना कॉफी द्यायला लागले. बाबा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर चहा प्यालेले. पण दुपारी मी नव्या बॅचचा कप पुढे ठेवला की ते पेपर बाजूला घडी करून ठेवायचे, बशीत न ओतता सावकाश प्यायचे आणि म्हणायचे, "छान झालीये." मी त्यांना का विचारतेय हे सांगितलं नव्हतं. कपातली कॉफी संपेपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. छान म्हणाले की माझा जीव भांड्यात पडायचा. आज विचार करते तेव्हा वाटतं, बाबांनी आयुष्यात कधी कुणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवली नव्हती, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी त्यांच्या छानवर माल पाठवत होते.

एप्रिलच्या शेवटी एका मोठ्या ऑफिसनं आम्हाला बोलावलं. गुरुग्रामात त्यांचे सात मजले, प्रत्येक मजल्यावर पँट्री. त्यांना मशीनची कॉफी बंद करून चांगली इन्स्टंट ठेवायची होती. मैत्रीण तीन महिने त्यांच्या मागे होती. खास त्यांच्यासाठी ताजी बॅच करायची ठरली.

नेहमीसारखी मानेसरला गेले. यंत्राच्या दाराशी धुऊन ठेवलेल्या ट्रेंची चळत होती. आदल्या आठवड्यात काय सुकवलं, असं मी सहज विचारलं, तर तिथला ऑपरेटर म्हणाला, लसूण. नव्या लसणाचा हंगाम होता, आठवडाभर तेच चाललं होतं. पण सगळं धुतलंय, दोनदा धुतलंय, असंही तो म्हणाला. पूर्वीची मी असते तर यंत्रात डोकं घालून दाराच्या रबराचा वास घेतला असता आणि तिथूनच परत फिरले असते. कंपनीत असताना मी कितीतरी जणांना याच कारणानं परत पाठवलं होतं. त्या दिवशीही मी डोकं आत घातलं. ऑपरेटर बघत होता म्हणून दोनदा श्वासही घेतला. "ठीक है," म्हटलं, आणि अर्क ओतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बरण्या घेऊन घरी आले. बाबांना कप दिला. त्यांनी पहिला घोट घेतला आणि थोडा वेळ कप हातात धरून बसले. मग पूर्ण प्याले. म्हणाले, "छान झालीये." मला ते थांबणं दिसलं होतं. मी त्याचा अर्थ लावला नाही. अर्ध्या बरण्या त्याच संध्याकाळी नेहमीच्या गिऱ्हाइकांना कुरिअर केल्या. दोन बरण्या न्यायला कँटोन्मेंटमधून एक ताई आल्या. साताऱ्याकडच्या, नवरा जवान, सुट्टी संपवून दोन दिवसांत परत पोस्टवर जायचा होता. तिथं थंडी फार, त्याच्याबरोबर द्यायचीय, असं त्या म्हणाल्या. मी एक बरणी जास्तीची दिली.

ऑफिसातली बैठक सकाळी अकराची होती. काचेची खोली, लांब टेबल, सहा माणसं. मैत्रीण छान बोलली. बिया कुठल्या, कशा भाजतात, यंत्रात काय होतं. मी पाणी बरोबर गरम आहे ना ते पाहून कप भरले आणि सगळ्यांसमोर ठेवले. त्यांचे अॅडमिनचे प्रमुख पन्नाशीचे होते, मृदू बोलणारे. त्यांनी कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थांबले. मग एक घोट घेतला. शेजारच्या बाईंनी कप नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. एकानं पाण्याची बाटली उघडली. मला वाटलं, कडू झाली असावी. मी विचारलं, साखर देऊ का?

प्रमुखांनी कप बशीत सरळ केला. आवाज जराही न चढवता ते म्हणाले, "मॅडम, आपने खुद पी है ये?"

मी हो म्हटलं. ते खरंच होतं. सकाळी पूर्ण कप प्याले होते.

तेव्हा मैत्रिणीनं स्वतःसाठी ओतलेला कप उचलला. एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ती नुसती गोंधळली होती. आपल्या ओळखीच्या माणसाच्या जागी दुसरंच कुणी बसलंय असं वाटावं, तशी ती बघत होती. मग ती उठली, सगळ्यांची माफी मागितली, बॅचमध्ये गडबड झालीये, आम्ही पुन्हा येऊ म्हणाली. तिनं कप गोळा केले. मी मदतीला हात पुढे केला तर तिनं माझ्याकडे न बघता ट्रे उचलला.

खाली पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर तिनं काच खाली केली. बाहेरची गरम हवा आत आली. ती म्हणाली, कॉफीला लसणाचा वास आहे. थोडाथोडका नाही, भयंकर. तुला कसा आला नाही? मी आधी म्हणाले की कारखान्याची चूक, त्यांनी यंत्र नीट धुतलं नाही. ती ऐकून घेत होती. तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग मी सांगितलं.

"कब से?"

"डिसेंबरपासून."

तिनं स्टिअरिंगवर बोटं टेकवून महिने मोजले. पाच. त्या पाच महिन्यांत मी नऊ बॅचेसना हो म्हटलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिनं टेबलामागे उभं राहून माझ्याकडे बोट दाखवलं होतं. मी रडत होते. मी म्हणाले की मला भीती वाटली, नाक नसेल तर या कंपनीत माझं काय उरतं? तिनं गाडी सुरू केली. मग म्हणाली, "मुझे बता देती तो मैं चख लेती. इतनी सी बात थी."

तिनं मला द्वारकेला सोडलं.

घरात शिरले तर बाबा जेवायचे थांबले होते. मी पर्स ठेवली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "बाबा, कालच्या कॉफीला लसणाचा वास येत होता?"

त्यांनी खाली पाहिलं. "येत होता."

"मग छान का म्हणालात?"

"तू माझ्या तोंडाकडे इतकी बघत होतीस," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला धीर हवाय."

मी त्यांच्यावर चिडले. नको ते बोलले. तुमच्यामुळे आज सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली, असंही म्हणाले. त्यांनी ताट वाढून घेतलं आणि चार घासांत उठले. संध्याकाळी माझं डोकं थंड झालं तेव्हा त्यांच्या खोलीत गेले आणि नाकाचं सगळं सांगितलं. ते दचकले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. गॅस चालू राहिला तर तुला कळणार नाही, हा त्यांच्या मनात आलेला पहिला विचार होता. कॉफीचं त्यांना सुचलंही नाही. मी त्यांना खरं सांगितलं नव्हतं आणि त्यांच्याकडून खरं मागत होते. त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, असू दे. पण त्यानंतर कित्येक दिवस मी काही खायला दिलं की ते आधी गप्प बसायचे, काय बोलावं हे न सुचल्यासारखे.

पुढचे दोन दिवस गिऱ्हाइकांना फोन करण्यात गेले. काहींनी बरणी उघडून फेकून दिली होती. काहींनी सोशल मीडियावर लिहिलं होतं. एका म्हाताऱ्या बाईंना वाटलं होतं की आपलंच नाक बिघडलं, त्या डॉक्टरकडे जायच्या बेतात होत्या.

सगळ्यात अवघड फोन कँटोन्मेंटच्या ताईंचा होता. त्यांचा नवरा आदल्या दिवशी निघून गेला होता, तिन्ही बरण्या घेऊन. मी त्यांना सांगितलं की ती कॉफी खराब आहे, त्यांना कळवा, पिऊ नका म्हणावं. त्या म्हणाल्या, वर गेल्यावर फोन लागत नाही, लागेल तेव्हा सांगीन. तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. नवऱ्याशी बोलणं झालं होतं. बरणी पोहोचल्याच दिवशी फोडली होती, पाचसहा जणांनी मिळून प्याली. "लसणाचा वास येतोय म्हणाले," ताई म्हणाल्या. "पण मी मुद्दाम काहीतरी औषधी घालून पाठवलंय असं वाटलं त्यांना. थंडीसाठी. संपवली सगळी." त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही. मी त्यांना चांगल्या कॉफीच्या बरण्या पाठवल्या, त्या त्यांनी ठेवून घेतल्या. पण पुन्हा कधी मागवली नाही.

ते मोठं ऑफिस गेलं ते गेलंच. मैत्रिणीनं मला महिनाभर फोन केला नाही. मी तिला लिहून कळवलं की मी बाजूला होते, तू दुसरं कुणी बघ. उत्तर आलं नाही. जूनच्या रणरणत्या दुपारी ती न सांगता दारात उभी राहिली. बाबांनी दार उघडलं, पाणी दिलं. तिनं पिशवीतून तीन छोट्या बाटल्या काढल्या, तीन कप करायला सांगितले आणि बाबांसमोर ठेवले. त्यातली एक बाटली तिनं मुद्दाम शिळ्या बियांची आणली होती. ती म्हणाली, अंकल, यातली वाईट कुठली ते सांगा. बाबांनी एकेक घोट घेतला. तिन्ही छान आहेत, म्हणाले. ती म्हणाली, नाही, एक वाईट आहे. सांगितलंत तर कुणाला वाईट वाटणार नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी अगदी हळूच मधला कप दूर सरकवला.

त्या दिवसापासून आमचं काम पुन्हा सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. कारखाना बदलला. आता जिथं करतो तिथं कॉफीखेरीज काही सुकवत नाहीत. प्रत्येक बॅच आधी मैत्रीण पिते, मग बाबा पितात. दोघांनीही हो म्हटल्यावर मी बरण्या भरते. बाबांना वाईट म्हणायला शिकायला पावसाळा संपेपर्यंत वेळ लागला. आधी ते म्हणायचे, "तशी बरी आहे." मग, "जरा जुनाट वाटते का?" हल्ली सरळ नको म्हणतात, आणि म्हटल्यावर लगेच उठून आपल्या खोलीत जातात.

मैत्रीण माझ्याशी नीट वागते. माझ्या वाढदिवसाला आली, लाडू घेऊन गेली. पण टेबलामागे आता ती माझ्याकडे बोट दाखवत नाही, आणि बरण्या, लेबलं, कशालाही मी "ठीक है" म्हटलं की हो म्हणून स्वतः एकदा बघून घेते. तिनं तसंच करायला हवं. तरी दर वेळी मला लागतं.

ऑगस्टमध्ये माझा वास परत येऊ लागला, पण सरळ नाही. लिंबू थोडंसं लिंबासारखं येतं. कांदा परतला तर ओला पुठ्ठा जळल्यासारखा वास येतो. आणि कॉफी सगळ्यात वाईट. चांगल्यातली चांगली कॉफी उघडली तरी जळकं रबर आणि नासलेलं काहीतरी. डॉक्टर म्हणतात, हे बरं होत असल्याचं लक्षण आहे, नसा पुन्हा जुळताना अशा चुका करतात. किती दिवस ते सांगता येणार नाही, कदाचित असंच राहील. मी अर्क काढते तेव्हा तोंडाला मास्क लावते आणि खिडकीपाशी उभी राहते. मधेच ओकारी आली तर बाहेर जाऊन येते.

गेल्या आठवड्यात एक बॅच बाबांना आवडली नाही. मैत्रिणीला ठीक वाटली होती. ती म्हणाली, अंकलना सर्दी आहे, आपण पाठवू या. मी बाबांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, सर्दी आहे हे खरं, पण नको. मग तिनं खांदे उडवले, आणि आम्ही तो माल ठेवून दिला. तो खरंच वाईट होता की नाही, ते मला अजून माहीत नाही.